गडग्यापलीकडे सोडलेला कोंबडा

“श्वास धर, बाय. तो आता बोलतलो.”

कुशाबाचा हा आवाज सुभद्रेच्या कानात अठ्ठावन्न वर्षं आहे. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि हा तिचा भाऊ एकोणीस वर्षांचा. उजाडायचं होतं. गावच्या राईला जांभ्या दगडांचा बुटका गडगा होता, त्याला टेकून दोघं बसली होती. गडग्यापलीकडे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा कोणी घरी आणत नसे. कुशाबाने दोन्ही तळवे तोंडापुढे द्रोणासारखे धरले आणि आत आवाज सोडला. कुक्, काऽया, काऽया, कुक्. पहिला सूर ठोकल्यासारखा, मधले दोन ओढून आणलेले, शेवटचा अर्धा गिळलेला.

मग काहीच नाही. पानांवरून दव गळत होतं तेवढंच. सुभद्रेने श्वास धरला होता, छातीत दुखायला लागलं तरी सोडला नव्हता.

आणि रान बोललं. अगदी तसंच, त्याच चालीवर, पण त्यात असं काहीतरी होतं की माणसाच्या गळ्यातून निघालं नसतं. पुन्हा कुशाबा. पुन्हा रान. चौथ्या-पाचव्या वेळी तर भाऊ कुठला आणि पाखरू कुठलं हे तिला कळेना, आणि ती भावाच्या ओठांकडे बघत राहिली.

पानं वाजली. करवीच्या झुडपांतून तो बाहेर आला. गावच्या कोंबड्यासारखाच, पण गावचा कोंबडा जणू ह्याची कोणीतरी घाईघाईत काढलेली नक्कल असावी. राखाडी अंग, तांबडे पाय, शेपटीवर जांभळी-हिरवी झळाळी. आणि मान. काळ्या मानेच्या एकेका पिसाच्या टोकाला पिवळ्या मेणाचा थेंब. हात लावला तर बोटाला चिकटेल इतका ओला दिसणारा. तो मान फिरवी तेव्हा ते थेंब एकदम पेटत आणि एकदम विझत. कोणीतरी आपल्यालाच बोलावलंय आणि तो दिसत नाही, अशा रागाने त्याने दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि एका उडीत नाहीसा झाला.

घरी आल्यावर सुभद्रेने जात्यावर बसलेल्या आईला हे सांगितलं. आईने दळता दळता दोन ओळी जुळवल्या आणि तिला दिल्या, खाऊ द्यावा तशा:

काळ्या मानेवरी गं मेणाची ठिबक ओली,
रानाच्या नवरदेवा, तुला हळद कोणी लाविली.

*

सुभद्रा आता चौसष्ट वर्षांची आहे. लालबागेत, मसाल्याच्या दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या दोन दारं पलीकडे गावची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे अठ्ठावीस गडी ह्या एका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि त्यांचं जेवण सुभद्रा करी. आता तिथे माळ्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेट्या आहेत आणि महिन्यातून एका रविवारी ग्रामस्थ मंडळाची बैठक भरते. किल्ली अजून सुभद्रेच्या कनवटीला असते.

मुलगा जयवंत गुरुवारी म्हणाला, “आई, रविवारी ती रानकोंबड्यांवाली येणार आहे. अनुजा. गेलं वर्षभर आपल्या राईत झाडांना यंत्रं बांधून ठेवली होती ना तिने, आवाज धरायची. ते ऐकवणार आहे.”

“कसले आवाज?”

“परत आलेत म्हणे. रानकोंबडे.”

सुभद्रा मिरचीची देठं काढत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती फक्त म्हणाली, “किती?”

“तेच मोजायचंय. म्हणून मामाला आणतोय मी वरळीहून.”

ती देठं काढत राहिली. पण त्या रात्रीपासून रविवारपर्यंत तिला नीट जेवण गेलं नाही. कारण राईतले रानकोंबडे कसे गेले हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे ती.

जयवंत नऊ वर्षांचा असताना त्याच्या मेंदूत ताप गेला होता. परळच्या इस्पितळात अकरा दिवस तो तिला ओळखत नव्हता. नवव्या दिवशी तिने राईच्या राखणदाराला, तिथल्या देवाला, बोलून ठेवलं: पोर उठून बसू दे, तुला कोंबडा देईन. पोर उठून बसलं. मे महिन्यात ती त्याला घेऊन गावी गेली. नवऱ्याला, धोंडूला, सुट्टी मिळाली नाही, म्हणून कोंबडा कुशाबा कापणार असं ठरलं.

त्या वर्षी गावात कोंबड्या पटापट मरत होत्या. नवसाला कोंबडा मिळेना. शेवटी खालच्या वाडीतल्या शेवंताने तिच्या खुराड्यात उरलेल्यांतला एक दिला. तांबडा, चांगला मोठा. सुभद्रेने तो रात्रभर टोपलीखाली ठेवला, आणि रात्रभर तो आत हलत होता ते ऐकत जागी राहिली. आपलं पोर मागून घेतलं, आता त्याच्या बदल्यात ह्याचा गळा. तिला ते होईना. उजाडायच्या आत, कुशाबा उठायच्या आत, ती कोंबडा काखेत मारून एकटीच राईकडे निघाली.

बायकांनी राईत जायचं नाही. ती गडग्यापाशी थांबली. देवाला दाखवायच्या कोंबड्यावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला असं समजायचं, नाही झाडलं तर हात जोडून पुन्हा विनवायचं. सुभद्रेने ओंजळभर पाणी शिंपडलं. कोंबड्याने अंग झाडलं. आणि मग त्याची मान वळायला लागली. वळता वळता चोच आभाळाकडे गेली, मान पाठीवर आली, आणि तो तसाच स्वतःभोवती फिरत राहिला, थरथरत. इतका उघड कौल देवाने आजवर कोणाला दिला नव्हता. ती रडली, पाया पडली, त्याच्या पायांची दोरी सोडली आणि त्याला अलगद गडग्यापलीकडे ठेवला.

घरी येऊन म्हणाली, “दिला.” कुशाबाने कोणाकडून कापून घेतला ते विचारलं नाही. नवसाची गोष्ट, आणि भाचा अंगणात खेळत होता.

पंधरा दिवसांनी ती शेवंताकडे गेली. खुराड्याबाहेर तीन तलंगा पडल्या होत्या. तिन्हींच्या माना पाठीवर, चोची आभाळाकडे. शेवंता म्हणाली, “मानमोडी गो. सगळ्यो गेल्यो.” सुभद्रा तिथे उभी होती ती कितीतरी वेळ उभीच राहिली. शाळा सुरू होणार म्हणून दुसऱ्या दिवशीच मुंबईची गाडी होती.

श्रावणात गावाहून फोन आला की राई मुकी झाली आहे. आणि कुशाबाला लोकांनी पोतं घेऊन राईतून येताना पाहिलं, पोत्यात मेलेले रानकोंबडे. तरुणपणी तो राईबाहेरच्या डोंगरात फासे लावायचा हे सगळ्यांना माहीत होतं. गावकी बसली. तो एवढंच म्हणाला, “माझ्या हातचे नाय ते.” एकदाच म्हणाला. देवळातला ढोलाचा मान तीन पिढ्या त्यांच्या घरात होता, तो त्या दिवशी गेला. नंतर तो मुलाकडे वरळीला आला, आणि त्यानंतर त्याने तोंडापुढे तळवे धरल्याचं कोणी पाहिलं नाही.

सुभद्रा आधी जयवंतसाठी गप्प राहिली. नवस नीट फेडला नाही असं तोंडातून निघालं आणि ताप परत आला तर? मग तो बारा वर्षांचा झाला, मग वीस, मग त्याला नोकरी लागली, आणि ताप परत येणार नाही हे तिला कळून चुकलं. तोवर गप्प राहण्याला दुसरं कारण लागेनासं झालं होतं. दर भाऊबीजेला ती कुशाबाला ओवाळी, आणि त्याच्या कपाळाकडे बघे, डोळ्यांकडे नाही.

*

रविवारी सकाळी नऊला टॅक्सी खाली थांबली. जयवंतने मामाला दोन जिने हाताला धरून वर आणलं. कुशाबा आता वाळलेल्या शेंगेसारखा हलका झाला होता, पण कान मात्र पूर्वीसारखेच मोठे.

“सतराव्या माळ्यावर राहतंय मी,” तो दम खात म्हणाला. “थंय लिफ्ट आसा. तुझ्याकडे माणसान चढूचा.”

“वर काय दिसतं रे दादा तिथून?”

“घारी. गावाक खालसून बघी ती आता बरोबरीन जातत. मान वर करूची नाय.”

खोलीत वीसेक माणसं जमली होती. चिटणीस हितेंद्र, पन्नाशीचा, बँकेतून लवकर निवृत्त झालेला, सतरंजी ओढून सरळ करत होता. “या कुशाबामामा, मान्यवरांनी पुढे बसायचं. काकी, चहा नंतर, आधी कोंबडा. असं वाक्य मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणी बोललं असेल.”

अनुजा दादरची. सडपातळ, तिशीची, पायात गावच्या तांबड्या मातीने कायमचे रंगलेले बूट. तिने खिडकीत दोन स्पीकर ठेवले. पण खाली मसाल्याचा डंक चालू होता. धाड, धाड, धाड. हळद कुटत होते, आणि खोलीची भिंतसुद्धा त्या तालावर हलत होती.

“ह्यात रानकोंबडा कसा ऐकू येणार?” अनुजा म्हणाली.

सुभद्रा खाली गेली. डंकवाला तिला चाळीस वर्षं ओळखत होता. ती काय म्हणाली कोण जाणे, डंक थांबला. लालबागेत दिवसाढवळ्या अशी शांतता पडली की शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू यायला लागला. ती वर येऊन दाराशीच बसली, चौकटीला टेकून.

“ही फेब्रुवारीतली पहाट आहे,” अनुजा म्हणाली. “पाच यंत्रं, काडेपेटीएवढी, पाच झाडांना. सगळी एकाच वेळी ऐकतायत.”

सुरुवातीला रातकिडे होते. मग ते एकेक करून थांबत गेले, कोणीतरी फिरत फिरत दिवे मालवावेत तसे. दूर कुठेतरी कस्तुराने माणसासारखी शीळ घातली. पानावर थेंब पडला. तो थेंब खोलीतल्या वीस माणसांनी ऐकला.

आणि मग, कुक्, काऽया, काऽया, कुक्.

हितेंद्रचा चष्मा हातात होता, तो हातातच राहिला. जयवंतने आईकडे पाहिलं; त्याला हा आवाज पूर्वी ऐकल्याचं आठवत नव्हतं. सुभद्रेने श्वास धरला आहे हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

कुशाबाने डोळे मिटले होते. “ह्यो म्हातारो,” तो हळूच म्हणाला. “उंच बसलो हा.”

अनुजाने आवाज थांबवला. “आजोबा, उंच बसलाय हे कसं कळलं?”

“उंचावरना बोलता त्याचो सूर खाली सांडता. जमनीवरना बोलता त्याचो वर चढता. लाव तू.”

तिने पुन्हा लावलं. दुसरा बोलला, लांबून. तिसरा. मग एकदम दोन, एकमेकांच्या अंगावर. कुशाबाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. “ह्यो तरणो, शेवटचो सूर गिळूक येणा नाय अजून. ह्यो पयलोच. ह्यो वेगळो, ह्याचो गळो बसलो हा. ह्यो व्हाळापलीकडचो.” अनुजा वहीत लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिचं पेन थांबायला लागलं. तिच्या संगणकाने त्या एका पहाटेच्या दोनशे चाळीस हाका मोजल्या होत्या. पण हाका मोजणं वेगळं आणि पक्षी मोजणं वेगळं. सात असतील की पंधरा, हे तिला वर्षभर सांगता आलं नव्हतं.

“अकरा,” कुशाबा म्हणाला. जरा थांबला. “आणि एक.”

“म्हणजे बारा?”

“बारावो बोलणा नाय. पण आसा.”

हितेंद्र हसला. “मामा, न बोलणारा कसा ऐकलात? आमच्या मंडळात असे पुष्कळ आहेत, त्यांची हजेरी लावायची झाली तर…”

“तू गप रव रे जरा.” कुशाबाने डोळे उघडले नाहीत. “हे पाळी लावन बोलतत. म्हातारो, मग तरणो, मग बसक्या गळ्याचो, मग बाकीचे, शेवटाक व्हाळापलीकडचो. त्याच्या मागसून सगळे थोडे थांबतत. कोणासाठी तरी जागा सोडतत. दरखेपेक. मगे परत म्हातारो.”

अनुजाने ते पुन्हा लावलं. आणि आता सगळ्यांनाच ऐकू आलं. ओढ्यापलीकडच्या हाकेनंतर एक पोकळी होती. बसायला पाट मांडावा आणि पाहुणा अजून यायचा असावा तशी. पुढच्या फेरीतही होती. त्याच्या पुढच्याही.

अनुजाने मार्चमधली एक पहाट शोधली आणि चौथं यंत्र निवडलं. रान हळूहळू जागं झालं. म्हातारा, तरणा, बसक्या गळ्याचा, बाकीचे, ओढ्यापलीकडचा. आणि त्या पोकळीत, इतका बारीक की आधी वाटलं भासच, एक कोवळा, घाबरलेला, मधेच तुटणारा सूर. कुक्, का…

“बोललो,” कुशाबा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

अनुजा म्हणाली, “मी सात वर्षं हे काम करतेय. असं कोणी मला…” आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं.

मग तिने मादी ऐकवली. मादी हाक देत नाही. फक्त पायांनी पाचोळा उकरल्याचा आवाज, खस्स, खस्स, थांबणं, पुन्हा खस्स. त्याच्या मागे मोहरी तडतडावी तशी बारीक चिवचिव. सुभद्रेने दाराजवळूनच मोजली. पाच पिल्लं असावीत. मोठ्या पाचोळ्याच्या रानात एवढीशी पाच.

“पण आली कुठून?” जयवंतने विचारलं.

“डोंगराच्या पलीकडून,” अनुजा म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी घाटउतारावर करवी फुलली होती, आठवतं? सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मग बी धरते आणि वाळून मरते. त्या बियांवर रानकोंबडे लांबलांबून जमतात. जेवणावळ असते त्यांची. आणि तुमच्या गावची खालची शेतं आता कोणी करत नाही, तिथे झुडपं माजली आहेत. तुम्ही सगळे इथे आलात ना, म्हणून त्यांना लपत लपत राईपर्यंत यायला वाट झाली.”

“म्हणजे आम्ही गाव सोडलं हे गावावर उपकारच,” हितेंद्र म्हणाला, आणि ह्या वेळी सगळे हसले, कारण हसायला निमित्त हवं होतं.

चहा झाला. खाली डंक अजून बंदच होता.

*

हितेंद्रने खिशातून कागद काढला. “आता मंडळाचा एकच विषय. काकी, तुम्हीही ऐका, तुमच्या मनासारखा आहे. यंदाच्या जत्रेला मुंबईहून आपली साठ घरं जातात. प्रत्येकाचा राखणदाराला कोंबडा असतो. कापतात, खातात, झालं. तर मी म्हणतो, यंदापासून कापायचा नाही. जिवंत सोडायचा, राईत. जीवही वाचतो, देवालाही पोचतो, आणि रानही भरतं. साठ कोंबडे, एका दिवसात. गडग्याजवळ एक फलकही लावू. अवैध शिकारीमुळे नाहीसा झालेला रानकोंबडा, गावकऱ्यांच्या प्रयत्नाने परत.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, “पुण्याचं काम आहे.”

अनुजा उठून उभी राहिली. “नको. असं करू नका, प्लीज. गावठी कोंबड्यांना रोग असतात. त्यांना एकवेळ लस देता येते, रानातल्यांना कोण देणार? एक आजारी पक्षी आत गेला तर हे बाराच्या बारा जातील.”

“बाई, तुमचं ज्ञान मोठं आहे,” हितेंद्र नम्रपणे म्हणाला, “पण असं कधी झालंय का कुठे? आमच्या राईत? पुरावा?”

“इथला पुरावा नाही माझ्याकडे,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “मी मघाशी आजोबांना विचारणारच होते. आजोबा, तेव्हा नक्की काय झालं होतं?”

सगळे कुशाबाकडे बघायला लागले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. गावकीच्या त्या बैठकीला ह्यांतले निम्मे हजर होते.

“चौदा पुरले मी,” कुशाबा म्हणाला. “मुंग्यांनी खाल्लले. कुजलले. कशान मेले ता समजण्यासारखा काय उरला नव्हता. तसेच टाकून येवक मन होयना, म्हणून पोत्यात भरले.”

“आणि लोक काय म्हणाले?”

“लोक म्हणतत माझ्या फाशान.” त्याने खांदे उडवले. “तेवीस वर्षां म्हणतत. मग तसाच आसात.”

“मामा, जुनं झालं ते,” हितेंद्र म्हणाला, जरा ओशाळून. “फलकावर तुमचं नाव थोडंच येणार आहे. नुसतं शिकारीमुळे असं लिहू.”

“लिही रे. माझा काय जाता.”

सुभद्रेने पाहिलं की हे म्हणताना त्याचे तळवे मांडीवर उताणे पडले होते, काही धरायचं नसलेल्या माणसासारखे. हितेंद्र हात वर करायला सांगत होता. म्हाताऱ्याने केला. मागच्या दोघांनी केला. जयवंतनेही केला, जीव वाचवायच्या बाजूने हात वर करणारा तिचा भला मुलगा. साठ कोंबडे. साठ टोपल्या, साठ ओंजळी पाणी. आणि एखाद्याने अंग झाडलं, मान फिरवली, तर साठ घरं हात जोडून उभी राहतील आणि म्हणतील, देवाने घेतला. तिच्यासारखीच.

पाळी लावून बोलणारे ते अकरा. आणि ज्याच्यासाठी ते जागा सोडतात तो.

ती चौकटीला धरून उठली. गुडघा वाजला. “हात खाली करा,” ती म्हणाली.

हितेंद्रला वाटलं तिला बायकांची बाजू मांडायची आहे. “बोला की काकी.”

तिने अनुजाकडे पाहिलं नाही, हितेंद्रकडेही नाही. तेवीस भाऊबिजा ज्या कपाळाकडे बघितलं होतं त्याच्या खाली, सरळ डोळ्यांत, तिने भावाकडे पाहिलं.

“पुरावा मी आहे,” ती म्हणाली. “जयवंताच्या नवसाचा कोंबडा मी कापला नाही, दादा. कोणाकडून कापूनही घेतला नाही. तू निजला होतास. शेवंताच्या खुराड्यातला होता, मानमोडीच्या खुराड्यातला. मी त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि त्याची मान पाठीवर गेली, आणि मला वाटलं देवाने घेतला. मी तो गडग्यापलीकडे सोडला. पंधरा दिवसांत मला कळलं होतं तो काय होता ते. तू गावकीत एकटा उभा होतास तेव्हाही मला माहीत होतं.”

जयवंत “आई” म्हणाला. तिने हाताने त्याला थांबवलं. अजून एक राहिलं होतं, आणि ते बोलताना ती मुंबईची भाषा विसरली.

“तुझ्या फाशान एक पण मेलो नाय, दादा. ते माझ्या कोंबड्यान मेले. आणि मी तुका सांगलंय नाय.”